बाळंतिणीच्या खोलीतला शब्द

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'गॉसिप करणं' हे क्रियापद आता आपण मराठीच करून टाकलं आहे. ऑफिसात दोघीजणी चहाच्या टेबलाशी उभ्या राहिल्या की "काय गॉसिप चाललंय?" असं साहेब जाता जाता विचारतात. बचतगटाच्या मीटिंगवरून घरी आलेल्या बाईला तिचा दहावीतला मुलगाही तेच विचारतो. या कामासाठी आपल्याकडे शब्द कमी होते अशातला भाग नाही. चहाडी, चुगली, कागाळी, कुचाळक्या, चकाट्या, उखाळ्यापाखाळ्या. यादी करायला बसलो तर पाटी भरेल. पण 'चहाडखोर' म्हटलं तर भांडण होतं आणि 'गॉसिप' हसत हसत म्हणता येतं. म्हणून तो शब्द आपण आनंदानं घेतला. तो आला कुठून, हे मात्र आपण विचारलं नाही. आज तेवढंच सांगणार आहे. गोष्ट इंग्लंडातली आहे, पण ऐकताना तुम्हाला आपली बरीच घरं आठवतील.

हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द 'गॉडसिब' असा होता. गॉड म्हणजे देव, आणि सिब म्हणजे नातलग. भावंडांना इंग्रजीत सिब्लिंग म्हणतात, त्यातला हा 'सिब'. मुलाचा बाप्तिस्मा होताना त्याची जबाबदारी घ्यायला जी माणसं उभी राहतात, ती त्या मुलाच्या आईबापांची गॉडसिब, म्हणजे देवाच्या साक्षीनं झालेली नातलग. वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती मैत्रिणींना धर्मपिता-धर्ममाता म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. हे नातं किती पक्कं, तर रक्ताच्या नात्यासारखंच त्यातही लग्न निषिद्ध. यॉर्कचा आर्चबिशप वुल्फस्टन याच्या १०१४ सालच्या प्रवचनात हा शब्द सापडतो. तिथं कुणा बडबड्या बाईचा विषय नाही. लोक आता आपल्या गॉडसिबांचेही जीव घेऊ लागले आहेत, इतका धर्म बुडाला आहे, अशी त्याची तक्रार आहे. थोडक्यात, ज्याला दगा देणं महापाप, तो गॉसिप. आणि यात पुरुषही होते, बायकाही होत्या.

पुढं बोलण्याच्या ओघात 'ड' गळाला आणि नातं थोडं सैल होऊन 'जिवाभावाची मैत्रीण', 'जिवाभावाचा मित्र' असा अर्थ आला. चौदाव्या शतकाच्या शेवटी चॉसरनं बाथ गावची एक पाच नवरे केलेली बाई रंगवली आहे. तिची एक गॉसिप आहे. गावच्या पाद्र्यापेक्षा माझं मन तिला जास्त माहीत होतं, असं ही बाई सांगते. नवऱ्याचं काही गुपित असलं की ते तिच्या कानावर घालायचंच. पाद्र्यापुढं पापाची कबुली देण्याची जिथं सक्ती होती, त्या काळात हे वाक्य साधं नाही.

आता मुख्य गोष्टीकडं येते. सोळाव्या-सतराव्या शतकात गॉसिप म्हणजे विशेषेकरून बाळंतपणाला बोलावलेल्या बायका. कळा सुरू झाल्या की निरोप जायचा आणि शेजारणी-मैत्रिणी हातातलं काम टाकून यायच्या. सुईण असायचीच, पण सुईणीबरोबर या चारसहा जणी. खोलीची दारंखिडक्या बंद, पडदे ओढलेले, किल्लीच्या भोकातसुद्धा बोळा कोंबलेला, आत मेणबत्त्या. बियर किंवा वाइन, पीठ, अंडी, साखर आणि मसाला घालून केलेलं 'कॉडल' नावाचं ऊन ऊन पेय बाळंतिणीला द्यायचं आणि स्वतःही प्यायचं. आपल्या अळिवाच्या खिरीची आणि डिंकाच्या लाडवांची ही चुलत बहीणच म्हणायची, फक्त जरा जास्त चढणारी! नवऱ्याला आत प्रवेश नाही. पुढं जवळजवळ महिनाभर बाळंतीण त्या खोलीत, आणि तिच्या वाटचं काम या बायका आळीपाळीनं ओढायच्या. महिन्याच्या शेवटी याच बायका तिला घेऊन चर्चमध्ये जायच्या आणि मग जेवण व्हायचं. गरिबाघरच्या बाईला पुरा महिना मिळायचा नाही, तिला लवकरच कामाला लागावं लागे. पण शेजारणी तिच्याकडंही येत.

आता विचार करा. वर्षाचे बारा महिने नवऱ्याच्या हुकमात असलेल्या बाईच्या घरात एक खोली अशी तयार व्हायची, की जिच्यात त्याचा हुकूम चालत नाही. आत दहा बायका, त्यातल्या काही वयानं मोठ्या, काही नुकत्या लग्न झालेल्या. त्या काय बोलत असतील? कुणाचं मूल कसं गेलं, कुणाला मार बसतो, कुणी उधारी बुडवली, कुठल्या मालकाच्या घरी मोलकरणीनं रात्री दाराला कडी लावून झोपावं. हे सगळं बोलणं त्या खोलीत चालायचं, आणि दाराबाहेर बसलेल्या पुरुषाला त्यातला एक शब्द कळायचा नाही.

त्याला काय वाटायचं, याचा पुरावा चेस्टर नावाच्या शहरात सापडतो. १५४० साली तिथल्या नगरसभेनं बाळंतपणाच्या आणि त्यानंतरच्या चर्चभेटीच्या वेळी होणाऱ्या बायकांच्या खर्चीक मेजवान्यांवर बंधनं घातली. त्याच साली चौदा ते चाळीस वर्षं वयाच्या कुठल्याही बाईनं दारूचा गुत्ता चालवू नये, असाही हुकूम काढला. म्हणजे बायकांचं जमणंही आवरायचं आणि कमावणंही. याच शहरात दरसाल नव्हे, पण बऱ्याचदा बायबलातल्या कथांचे खेळ रस्त्यावर व्हायचे. एकेक कारागिरांचा संघ एकेक कथा करायचा. नोहाच्या जलप्रलयाची कथा नदीतून पाणी काढून घरोघर पोचवणाऱ्या पाणक्यांच्या संघाकडं होती. त्यात नोहाची बायको तारवात चढायला तयार नाही. का? तर माझ्या गॉसिप बुडतील. त्यांना आत घ्या, नाहीतर तू हवं तिकडं जा आणि दुसरी बायको कर, असं ती नवऱ्याला ऐकवते. गॉसिप येतात, पाण्याला घाबरलेल्या असतात, तिच्याबरोबर घोट घेत गाणं म्हणतात. शेवटी मुलं तिला उचलून तारवात नेतात आणि आत गेल्यावर ती नोहाच्या कानाखाली वाजवते. प्रेक्षक पोट धरून हसत असणार. हट्टी बायको, तिचं पिणं, तिचा फटका, सगळं हसण्यासारखंच. पण कथेत पुढं काय होतं? तारू तरंगतं, आणि तिच्या मैत्रिणी बाहेर राहतात. त्या बुडाल्या, याची त्या खेळात कुणी दखल घेत नाही. मला हा खेळ या शब्दाच्या इतिहासातला सगळ्यात बोलका पुरावा वाटतो. मैत्रिणीसाठी थांबणं हा विनोद झाला होता.

तरीही 'गॉसिप करणं' हे क्रियापद अजून वाईट झालं नव्हतं. सुरुवातीला त्याचा अर्थ बाप्तिस्म्याला उभं राहणं, नाव ठेवणं, बारशाच्या आनंदात सामील होणं असा होता. शेक्सपिअरच्या 'कॉमेडी ऑफ एरर्स'मध्ये, म्हणजे १५९० नंतरच्या चारपाच वर्षांत, ताटातूट झालेलं कुटुंब एकत्र येतं आणि आई सगळ्यांना गॉसिपांच्या मेजवानीला बोलावते, जणू तिची मुलं आजच जन्मली आहेत. त्यावर तिथला ड्यूक, राज्याचा धनी, मी अगदी मनापासून गॉसिप करीन, असं म्हणतो. पुरुषानं, तेही राजानं, हे म्हणण्यात कुणाला काही गैर वाटलं नाही. पण त्याच सुमारास चुरूचुरू बोलणाऱ्या बाईलाही गॉसिप म्हणू लागले होते, आणि १६२० नंतर क्रियापदाचा अर्थही 'दुसऱ्यांच्या भानगडींबद्दल रिकामटेकडं बोलणं' असा झाला. तिथून पुढं ड्यूक गॉसिप करत नाहीत. ते चर्चा करतात.

बोलणाऱ्या बाईसाठी त्या काळात शिक्षाही होत्या. एक म्हणजे 'ब्रँक्स', आपल्या भाषेत मुसकं. डोक्याभोवती लोखंडी पट्ट्या, आणि तोंडात जाणारी लोखंडाची जीभ, म्हणजे बाईची जीभ हलू नये. इंग्लंडच्या देशव्यापी कायद्यात ही शिक्षा कधीच नव्हती. उत्तरेकडच्या शहरांत आणि स्कॉटलंडमध्ये स्थानिक अधिकारी ती आपल्या अधिकारात देत. न्यूकॅसलमध्ये अ‍ॅन बिडलस्टोन नावाच्या बाईला असं मुसकं घालून, दोरीला धरून रस्त्यातून फिरवलं, तिच्या तोंडातून रक्त येत होतं, अशी शपथेवरची साक्ष १६५५ साली छापलेल्या पुस्तकात आहे. पण ज्या बाईनं स्वतः हे लिहून ठेवलं, ती डॉरोथी वॉ. ती घरकाम करणारी बाई होती आणि क्वेकर पंथाची प्रचारक होती. १६५५ च्या सुमारास कार्लाइलच्या बाजारात ती उभी राहून बोलली, म्हणून मेयरनं तिला मुसकं घातलं. तिनं लिहिलं आहे की लोखंडाच्या तीन पट्ट्या चेहऱ्यावरून आल्या, एक तुकडा तोंडात घातला, हात मागं बांधले आणि तसं तीन तास उभं केलं. बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तुरुंगाचा दारवान तिला बघायला येणाऱ्या प्रत्येकाकडून दोन दोन पेन्स घेत होता! तिचा हा मजकूर १६५६ साली छापला गेला. ती कुणाच्या घरच्या भानगडी सांगत नव्हती. ती धर्मावर बोलत होती, मेयरला न आवडणारं बोलत होती. मुसकं बनवताना मात्र बाईचं बोलणं काय दर्जाचं आहे हे कुणी विचारलं नव्हतं.

पुढचा भाग भरभर सांगते. १७३९ पासून लंडनमध्ये प्रसूतीची रुग्णालयं निघू लागली. खात्यापित्या घरांत पुरुष डॉक्टर बाळंतपणं करू लागले. शेजारणींची ती खोली हळूहळू मोडली. १७५५ साली सॅम्युएल जॉन्सननं आपला प्रसिद्ध शब्दकोश छापला. त्यात गॉसिपचा पहिला अर्थ बाप्तिस्म्याला उभं राहणारी व्यक्ती, दुसरा पिण्यातला सोबती, आणि तिसरा, बाळंतिणीच्या खोलीतल्या बायकांसारखी इकडं तिकडं बडबडत फिरणारी व्यक्ती. पाहिलंत? नालस्तीची उपमाच त्या खोलीवरून दिली आहे. १८११ मध्ये माणूस मागं पडून नुसत्या बोलण्यालाच, कंड्या पिकवण्यालाच, हे नाव दिल्याची नोंद मिळते. आणि 'भांडखोर बाई असणं' हा इंग्लंडच्या रूढ कायद्यातला गुन्हा रद्द कधी झाला? १९६७ साली. आपल्यातल्या काहीजणींचा जन्म तोवर झाला होता.

हे एका इंग्रजीतच घडलं असतं तर योगायोग म्हटला असता. फ्रेंचमध्ये 'कोमेर' म्हणजे धर्ममाता, जोडीची आई. त्यावरून 'कोमेराज' म्हणजे चकाट्या. स्पॅनिशमध्ये 'कोमाद्रे' म्हणजे धर्ममाता, सुईण, शेजारीण. त्यावरून 'कोमाद्रेआर' म्हणजे गॉसिप करणं. तीन भाषा, आणि तिन्हींत घसरण एकाच जिन्यावरून.

आपल्याकडं तर शापच आहे. बाईच्या पोटात काही राहत नाही, असं आपण सहज म्हणतो. महाभारतात शांतिपर्वात हा शाप युधिष्ठिर देतो. कारण काय, तर कर्ण आपला मुलगा आहे हे कुंतीनं युद्ध संपेपर्यंत लपवलं. म्हणजे एका बाईनं जन्मभर गुपित पोटात ठेवलं, म्हणून सगळ्या बायकांच्या पोटात गुपित राहू नये! यातलं तर्कशास्त्र मला आजवर कळलेलं नाही. आणि मराठीत 'गप्प' आणि 'गप्पा' यांत एका कान्याचाच फरक आहे. तो काना आपल्याला कोण देतं आणि कोण काढून घेतं, हे ज्यानं त्यानं आठवावं.

आता दुसरी बाजू. गॉसिपवर लिहिणाऱ्या अभ्यासकांत सिल्व्हिया फेडरिची यांचं नाव आपल्या चळवळीत घेतलं जातं. २०१८ च्या त्यांच्या पुस्तकात या शब्दावर एक लेख आहे. बायकांच्या मैत्रीवर झालेला हल्ला म्हणून त्या या इतिहासाकडं पाहतात. ते पटतं, पण पुरतं पटत नाही. त्या बंद खोलीत सगळंच मायेचं होतं असं नाही. १५६७ साली एलिनॉर पीड नावाच्या सुईणीनं कॅन्टरबरीच्या आर्चबिशपपुढं शपथ घेतली. त्यात एक कलम होतं, की बाळंतीण मुलाच्या खऱ्या बापाखेरीज दुसऱ्याचं नाव घेणार नाही, हे मी पाहीन. कशासाठी? तर अविवाहित आईच्या मुलाचा खर्च गावावर पडू नये. मग अशा मुलीला ऐन कळांत विचारत, बापाचं नाव सांग, नाहीतर आम्ही हात लावणार नाही. विचारणाऱ्या सुईण आणि गॉसिपच. तिनं घेतलेलं नाव मग त्यांच्या साक्षीनं अधिकाऱ्यांपुढं जायचं. हेच बोलणं तिथं पुरावा ठरायचं, कुणी त्याला बडबड म्हणत नसे. लॉरा गाऊइंग यांनी १९९६ च्या पुस्तकात लंडनच्या चर्च-न्यायालयांतले बदनामीचे खटले तपासले आहेत. त्यांत दाद मागायला येणाऱ्या बहुतेक बायका, आणि पुष्कळदा त्यांना 'रांड' म्हणणारी शेजारीणही बाईच. चेटकीण ठरवलेल्या कितीतरी बायकांच्या विरुद्ध पहिली कुजबुज शेजारणींतच झाली होती.

हे सांगायचं कारण, आपण सल्ला केंद्रं चालवतो. तिथं येणारी बाई आपल्याला जे सांगते, ते आपण चहा पिताना नाव न घेता का होईना, एकमेकींना सांगतो. वस्ती एवढीशी असते. नाव न घेताही कळतं. नवरा सोडलेल्या बाईबद्दल, परजातीत लग्न केलेल्या मुलीबद्दल आपण काय बोलतो, कुठल्या सुरात बोलतो, हे गॉसिपच्या वरच्या कौतुकात झाकून जाता कामा नये. आणि तरीही, कुठल्या साहेबाच्या केबिनमध्ये एकटीनं जाऊ नये, हे नव्या मुलीला पहिल्या दिवशी कोण सांगतं? नोटीस बोर्डावर ते लावलेलं नसतं. कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध १९९७ चा विशाखा निकाल आला, २०१३ चा कायदा आला, त्याआधी आणि त्यानंतरही हे काम कुजबुजीनंच केलं. २०१८ मध्ये ती कुजबुज उघड झाली तेव्हा पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर एम. जे. अकबर यांनी फौजदारी बदनामीचा खटला भरला. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. बाईच्या सन्मानाची किंमत देऊन दुसऱ्याची अब्रू राखता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. अकबर यांनी त्यावर उच्च न्यायालयात अपील केलं.

शेवटी पुन्हा बाळंतिणीच्या खोलीत जाऊ. कळा देणाऱ्या बाईजवळ सतत कुणी सोबतीण असली तर काय होतं, याचे २६ अभ्यास एकत्र करून २०१७ साली कॉक्रेनचा आढावा निघाला. १७ देश, पंधरा हजारांवर बायका. ज्यांना सोबत होती त्यांची प्रसूती थोडी लवकर झाली, नैसर्गिक प्रसूतीचं प्रमाण जास्त, सिझेरियनचं कमी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये तशी शिफारस केली. आपल्या केंद्र सरकारनं तर त्याआधीच, २०१६ मध्ये, सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी देणाऱ्या सूचना काढल्या. आधी खोलीबाहेर काढलेली गॉसिप अडीचशे वर्षांनी शिक्क्याच्या कागदावर परत आली.

पण तो कागद नीट वाचा. सोबतीण नातेवाईक असावी, असं त्यात आहे. मग जी घर सोडून आली आहे, जिला माहेर नाही, जी लग्नाशिवाय आई होते आहे, तिच्याबरोबर आपल्यापैकी कुणी गेलं तर आत घेतात की नाही, हे प्रत्येकीनं आपापल्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारायचं आहे. लेखी विचारा, तारीख टाका. आणि आणखी एक अट आहे, ती मी दोनदा वाचली. सोबतिणीनं प्रसूतीच्या खोलीतल्या दुसऱ्या बायकांकडं लक्ष देऊ नये. शेजारच्या खाटेवरची एकटी बाई पाणी मागत असेल तर काय करायचं, ते त्यात लिहिलेलं नाही. पुढच्या बैठकीला येताना तुमच्या तालुक्यातल्या नर्सबाईंना हे विचारून या.